चौदा उपग्रह आणि एक शेवगा

माणसाचा शेजाऱ्यावर विश्वास नसतो, पण वीस हजार किलोमीटरवरून बोलणाऱ्यावर असतो. विज्ञानाची प्रगती याच पायावर उभी आहे.

निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात गोरक्ष आणि कुसाबाई यांच्या बांधावर एक शेवगा आहे. तो कुणाचा, एवढाच प्रश्न. गोरक्षला तो तोडून ट्रॅक्टर वळवायला जागा हवी आहे. सत्तरीच्या कुसाबाई म्हणतात, झाड मी लावलं, पाणी मी घातलं. सरकारी मोजणीचा अर्ज दोघांनीही केलेला नाही. (तिथे निकाल लागण्याचा धोका असतो.)

अशात गोरक्षची भाची हर्षाली नाशिकहून आली. हौसेखातर स्वतः जोडलेला ड्रोन तिच्यासोबत होता. ठरलं असं: ड्रोन बुंध्याशी ठेवायचा आणि फोनवरच्या नकाशात त्याचा ठिपका हद्दीच्या ज्या बाजूला दिसेल, त्या बाजूवाल्याचं झाड. पडद्यावर ‘उपग्रह १४’ असं उमटताच सरपंचांनी आभाळाकडे पाहून नमस्कार केला. आमच्याकडे बांधाच्या भांडणाला पाच पंच पुरतात. इथे चौदा, आणि चहाचा खर्च नाही.

ठिपका गोरक्षच्या बाजूला पडला. त्याने करवत उचलली. तेवढ्यात, ड्रोन बुंध्याशी गप्प बसलेला असताना, ठिपका मात्र चालत चालत कुसाबाईंच्या शेतात गेला.

“हर्षे, धर त्याला. पळतंय ते.”

“मामा, ड्रोन जागेवरच हाय. जीपीएस सरकतंय. दोन-अडीच मीटर इकडंतिकडं चालायचंच.”

“मंग पहिलं बोलला तेच खरं धर.”

“बोलू दे की त्याला,” कुसाबाई बांधावर बैठक मारत म्हणाल्या. “आत्ता कुठं शुद्धीवर आलंय बिचारं.”

प्रकरण मग रीतसर हाताळण्यात आलं. सात दिवस, दिवसातून तीनदा, सरपंचांसमक्ष नोंद. एकूण नोंदी एकवीस: गोरक्ष दहा, कुसाबाई दहा, शेजारची विहीर एक. (विहिरीचा मालक त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन शेंगा न्यायला आला. नोंद रद्द.) आठव्या दिवशी ग्रामसभेने ठराव केला की, ठिपका कायमचा स्थिर होईपर्यंत झाडाला कुणीही हात लावू नये.

“कवा व्हईल गं स्थिर?” गोरक्षने भाचीला विचारलं.

“नाय व्हायचा, मामा.”

करवत माळ्यावर गेली. कुसाबाई शेंगा बांबूच्या आकडीने काढतात, ठरावात फक्त हाताचा उल्लेख आहे.

वाचकहो, एव्हाना तुम्हीही ते झाड मनोमन कुसाबाईंच्या नावावर करून टाकलंय. सातबारा पाहिला नाहीत, गोरक्षची बाजू ऐकून घेतली नाहीत, एका उपग्रहालाही विचारलं नाहीत. आभारी आहे. कुसाबाई माझी थोरली बहीण. आजची शेंगांची आमटी फार छान झाली होती.