बिननंबरी पट्टी

जेवणाच्या टेबलावर जहाज होतं आणि घरातली चार माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती. सुनेला या घरात येऊन वर्षच झालं होतं, बाकीच्यांची तीन वर्षं अशीच गेली होती. पहिल्या वर्षी काकू रोज बोलत. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा बोलत. तिसऱ्या वर्षी त्यांनी बोलणं सोडून नुसता सुस्कारा ठेवला होता, आणि तोही आता त्यांना न विचारता कुकरच्या शिट्टीसारखा आपला आपण यायचा.

जहाज काकूंच्या नवऱ्याचं. ते वजनमाप खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं बाजारातले तराजू तपासण्यात गेली, म्हणून सगळी आळी त्यांना तराजूसाहेब म्हणायची. वजन तीनदा ठेवून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी शिक्का मारला नाही. घरातसुद्धा भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर साहेब तीन घास खाऊन मग सांगत. तोवर भाजी संपलेली असे.

असा माणूस जहाज बांधायला बसला. मिस्त्रीने घरातलं जुनं कपाट मोडलं तेव्हा साहेबांनी त्याच्या फळ्या मागून घेतल्या, बारीक पट्ट्या कापल्या, एकेक पट्टी वाफेवर वाकवली आणि हातभर लांब जहाजाचं पोट तयार केलं. तीन डोलकाठ्या, दोऱ्यांची जाळी, नखाएवढा नांगर; भोवती टेबलभर हत्यारं. खरं सांगायचं तर काम देखणं झालं होतं. काकूंनी हे कुणाजवळ कबूल केलं नव्हतं. कबूल केलं असतं तर दुसरं जहाज सुरू झालं असतं.

आता त्या पोटाला वरून काय लावायचं, एवढंच राहिलं होतं. एवढंच राहून पाच महिने झाले होते.

"रंग नको," साहेब म्हणत. "लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे."

"ते लाकूडच आहे. दुसऱ्या कशासारखं दिसणार?"

"नुसतं ठेवलं तर कोरडं दिसतं. काहीतरी लावायचं, पण लावलंय असं दिसता कामा नये."

"मग लावलंय म्हणून सांगा आणि लावू नका."

साहेब यावर विचार करत. खरोखरच विचार करत, हे काकूंना जास्त दमवणारं होतं.

पण या आठवड्यात काकूंना दमून चालणार नव्हतं. रविवारी सुनेचे आईवडील जेवायला यायचे होते. मागच्या वेळी आले तेव्हा विहीणबाईंच्या मांडीवरचं ताट कललं आणि पातळ भाजी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उतरली. विहीणबाई रागावल्या नाहीत. गोड हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे हो. आमच्याकडे टेबलाची सवय ना, म्हणून." ते हसू काकूंच्या घशात अजून अडकलेलं होतं.

"शनिवारपर्यंत काय ते लावा," त्यांनी सोमवारी सांगून टाकलं. "रविवारी टेबल मला हवंय. नाहीतर जहाज मी बादलीत सोडीन. तरंगतं तरी का ते बघू."

साहेबांनी हुकूम मानला. त्याच कपाटाच्या फळीच्या सहा पट्ट्या कापल्या, प्रत्येक चार बोटं लांब. एकीला जवसाचं तेल, दुसरीला चकाकणारं वार्निश, तिसरीला बिनचकाकीचं, चौथीला लाखेचं पॉलिश, पाचवीला मेण, सहावीला तेल आणि मेण दोन्ही. मागे पेन्सिलीने नंबर टाकले आणि बुधवारी सकाळी सगळ्या पट्ट्या खिडकीशी, टेबलाच्या कडेला ओळीने मांडल्या. घरातल्या सगळ्यांनी मत द्यायचं, नंबर न बघता. खात्यात तशीच पद्धत होती म्हणे.

त्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दाराला एक खोड होती. गॅलरीकडून वारा आला की ते धाडकन आपटायचं. म्हणून दाराखालच्या फटीत काकूंची एक चपटी पट्टी असायची. ते कपाट मोडण्याच्या कितीतरी आधी ती त्यातूनच निखळली होती आणि काकूंनी तिला नोकरीला लावलं होतं. अकरा वर्षं झाली. दिवसातून दहा वेळा पायाने सरकवायची, दहा वेळा तेलकट हातांनी उचलायची, जाता येता फडक्याने पुसायची.

बुधवारी सकाळी सुनेने केर काढला. दाराशी पट्टी दिसली. तिला वाटलं, सासऱ्यांचा नमुना खाली पडला. गुणी मुलगी ती, तिने पट्टी उचलून, पुसून ओळीत नीट लावून ठेवली आणि गॅलरी झाडायला गेली.

मुलगा ब्रश तोंडात धरून आला आणि त्याने त्याच पट्टीवर बोट ठेवलं. गॅलरीतून परत आलेल्या सुनेने तीच दाखवली. साहेब वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. त्या पट्टीला रंग नव्हता, चकाकी नव्हती, पण आत कुठेतरी मंद दिवा लावल्यासारखी ती दिसत होती.

"हीच," साहेब म्हणाले. त्यांनी ती ओळीतून काढून टेबलाच्या मधोमध ठेवली.

इतक्यात दार आपटलं. काकू पट्टी शोधत बाहेर आल्या आणि त्यांना ती टेबलावर, मधोमध, नवरदेवासारखी बसलेली दिसली. त्यांनी हात पुढे केला.

"तिला हात लावू नकोस," साहेब म्हणाले. "पाच महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी पटलंय."

काकूंनी तोंड उघडलं होतं. त्यांना आधी पाच महिने आठवले, मग रविवार आठवला, मग विहीणबाईंचं हसू आठवलं. त्यांनी तोंड मिटलं.

साहेब चष्मा आणायला आत गेले, मुलगा चूळ भरायला आणि सून केर टाकायला. दार पुन्हा आपटलं. काकूंनी ओळीतली हाताशी आली ती दुसरी पट्टी उचलली आणि दाराखाली सारली. तिच्या मागचा नंबर बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

चष्मा लावून साहेबांनी पट्ट्या उलट्या केल्या. एक, तीन, चार, पाच, सहा. आणि पटलेल्या पट्टीमागे काहीच नाही.

"आकडा पुसला गेलाय," त्यांनी जाहीर केलं. "सहा ठेवल्या होत्या, सहा आहेत. पाचांवर नंबर आहेत. म्हणजे ही दोन."

मुलगा म्हणाला, "पण बाबा, दोन म्हणजे ते चकाकणारं ना?"

"वाळल्यावर उतरली असेल चकाकी. मोजणी खोटं बोलत नाही."

काकू कांदा चिरत होत्या. त्या खाली मान घालून चिरत राहिल्या. डब्यातलं तेही तपकिरी आणि हेही तपकिरी, त्यांनी मनाशी म्हटलं, लावलं की झालं.

गुरुवारी साहेबांनी जहाजाच्या उजव्या बाजूला दोन नंबरचे दोन हात दिले. शुक्रवारी सकाळी ते वाळलं. जहाज उजवीकडून पाकात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. त्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता.

साहेब चिडले असते तर काकूंना बरं वाटलं असतं. चिडलेल्या नवऱ्याला कसं उत्तर द्यायचं हे त्यांना पाठ होतं. पण साहेब नुसते खुर्चीत बसून राहिले. चहावर साय आली.

"माझे डोळे गेले," ते थोड्या वेळाने म्हणाले. "तीस वर्षांत माझा एक शिक्का परत आला नव्हता."

"डोळे चांगले आहेत तुमचे. चहा प्या."

"मग ही पट्टी आणि हे जहाज एकसारखं कसं दिसत नाही?"

काकूंना उत्तर माहीत होतं. त्यांनी चहा पुन्हा गरम करून आणला. तो चहा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टोमणा न मारता दिला, आणि साहेबांनी तोही तसाच ठेवला.

दुपारी वार्निश खरवडायला मिस्त्रीला बोलावलं. तो हात धुवायला स्वयंपाकघराकडे गेला, दार लोटलं, ते हललं नाही. त्याने वाकून खालची पट्टी ओढली, उलटसुलट केली.

"साहेब, हिच्यावर दोनचा आकडा आहे. दाराखाली कशाला ठेवलीत?"

साहेब उठून दाराशी आले. मग सुनेचा चेहरा हळूहळू उतरला.

"मी त्या दिवशी दाराशी एक उचलली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, बाबांचा नमुना खाली पडलाय. ओळीत ठेवून दिली. दाराची पट्टी मी नीट बघितलीच नव्हती कधी." तिचे डोळे भरले.

मिस्त्रीने दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या. बिननंबरी पट्टीवर अंगठा फिरवला, वास घेतला.

"हे बाटलीतलं नाहीच," तो म्हणाला. "हे हाताचं आहे. रोजचा तेलाचा हात आणि फडकं. असं मला नाही जमायचं, साहेब. कोण हाताळतं ही?"

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं.

"पोरीला कुणी काही बोलायचं नाही," काकू म्हणाल्या. "मी त्याच दिवशी ओळखली होती. माझी पट्टी मी ओळखणार नाही? गप्प बसले. ती दोन नंबरची दाराखाली मीच सारली. मला टेबल हवं होतं."

साहेबांनी बिननंबरी पट्टी मिस्त्रीच्या हातातून घेतली. काकूंनी पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. त्यांनी भांडणाची तयारी केली होती.

"म्हणजे माझे डोळे बरोबर होते," साहेब म्हणाले.

"पहिल्यापासून."

"निवड बरोबर होती. मोजणीत खोट होती, आणि ती घरातूनच झाली."

"हो. लिहून देऊ का?"

"नको." त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "किती वर्षं म्हणालीस ती दाराखाली आहे?"

"मी काहीच म्हणाले नाही. अकरा."

मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत जहाज खरवडून कोरडं केलं. शनिवारी सकाळी साहेबांनी आपल्या हातांनी टेबल रिकामं केलं, पुसलं, आणि म्हणाले, "घे. आजपासून तुझं." काकूंनी तेव्हाच ओळखायला हवं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईने तरी ओळखायला हवं होतं. पण त्या इतक्या दमल्या होत्या की त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

रविवारी सहा माणसं टेबलाभोवती बसून जेवली. सवय गेल्यामुळे मुलगा ताट पुन्हापुन्हा मांडीवर ओढत होता, पण एकंदरीत शोभलं. एक थेंब सांडला नाही. विहीणबाईंनी टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली आणि म्हणाल्या, "छान ऐसपैस वाटतंय हो आता."

"ते पहिल्यापासूनच ऐसपैस आहे," काकू म्हणाल्या. घशात अडकलेलं हसू अखेर खाली उतरलं.

तेवढ्यात साहेब आतून जहाज घेऊन आले. त्यांनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं आणि हातात एक फडकं दिलं.

"हे काय?"

"रोज जेवणानंतर पाव तास. हात फार धुऊ नकोस, थोडा ओशट राहू दे. आधी अंगठ्याने, मग फडक्याने."

"अकरा वर्षं?"

साहेबांनी हिशेब केला. तीनदा केला. "पट्टी बरीचशी पायाने सरकत होती. इथे सगळं हाताने आहे. आठेक वर्षांत व्हावं."

आत दार धाडकन आपटलं, कारण दाराची पट्टी आता साहेबांच्या खणात होती, कापसात, मागे पेन्सिलीने सात नंबर टाकलेली.

विहीणबाई कोपरं टेकून बघत होत्या. व्याह्यांनी विचारलं, "हे रोजचं का?" काकूंचा तो जुना सुस्कारा आपला आपण आला. टेबल मोकळं झालं होतं आणि मांडी गेली होती. त्यांनी अंगठा फिरवायला सुरुवात केली.

"उजवीकडे जरा जास्त दाब," साहेब म्हणाले. "तिथे खरवडलंय."

"कळतं मला. अकरा वर्षांचा अनुभव आहे."

खिडकीतून ऊन आलं होतं. जिथून अंगठा जात होता तिथे लाकूड जरासं, अगदी जरासं, उजळल्यासारखं दिसलं. काकूंनी जहाज उन्हात कलतं करून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, मग तिसऱ्यांदा पाहिलं. कुणाजवळ कबूल मात्र केलं नाही.