दोन व्हर्जन आणि दहाची वेळ

एका सर्व्हरवर पीएचपीची दोन व्हर्जन सुखाने नांदवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! असं मी चारचौघांत छातीठोकपणे म्हणालो होतो. चारचौघं म्हणजे माझी वहिनी आणि तिच्या सलूनसमोरचे दातांचे डॉक्टर.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पीएचपी ही वेबसाइट लिहायची एक भाषा. तिची नवी नवी व्हर्जन येत राहतात आणि जुन्यावर चालणारं नव्यावर चालेलच असं नाही. म्हणून एकाच घरात दोघांच्या चुली वेगळ्या मांडून द्यायच्या.

डॉक्टरांच्या नव्या साइटला नवं व्हर्जन हवं होतं. मी ते चढवलं. सर्व्हरवरच्या प्रत्येक साइटच्या नावापुढे तिचं व्हर्जन लिहिलेलं असणारच, आणि ज्याच्यापुढे काहीच नसेल त्याला आपोआप नवं मिळेल अशी सोय केली. मग खात्री करायला वहिनीच्या साइटवर गेलो आणि शनिवार सकाळची दहाची वेळ स्वतःच्या नावावर घेतली. लगेच मिळाली! मी कॉलर ताठ केली.

खरं तर इथेच पाल चुकचुकायला हवी होती. वहिनीकडची शनिवारी दहाची वेळ कधीच कुणाला सहजासहजी मिळत नाही.

वहिनीचं सलून पहिल्या मजल्यावर आणि जागेच्या मालकीणबाई दुसऱ्या मजल्यावर. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांची अट एकच, जिन्यात माणसं ताटकळता कामा नयेत. म्हणूनच मी वहिनीला एका वेळी दोनच गिऱ्हाइकं घेणारी साइट करून दिली होती. करार संपत आला होता आणि वहिनीकडे जागा ठेवायची की नाही, हे बाई त्याच शनिवारी सांगणार होत्या.

शनिवारी मी निवांत चहा पीत होतो. वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, जरा येता का?"

मी शाळेत होतो तेव्हापासून वहिनी मला 'अरे' म्हणते. भाऊजी झालो म्हणजे प्रकरण गंभीर!

जाऊन बघतो तर जिना तळापासून भरलेला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलवर दहाची वेळ.

"तुम्ही दहाच्या? मीपण दहाची."

"अहो, मला तर काल रात्री मिळाली."

मी तळाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला आणि कपाळाला हात लावला. मी लिहून ठेवलं होतं, शिल्लक जागांचा रकाना रिकामा झाला की वेळ बंद कर. जागा शून्यावर आल्या की जुनं व्हर्जन समजून घ्यायचं, त्याला शून्य आणि रिकामं सारखंच. नवं व्हर्जन पडलं शिस्तीचं. शून्य म्हणजे शून्य, रिकामं म्हणजे रिकामं. त्याने दार सताड उघडं ठेवलं.

पण वहिनीची साइट नव्यावर गेलीच कशी? तिच्या नावापुढे काही लिहिलेलंच नव्हतं. ती माझी पहिली साइट. घरात मला कुणी पंख्याच्या बटणाला हात लावू देत नव्हतं, तेव्हा वहिनीने आपलं सलून माझ्या हवाली केलं होतं. सर्व्हरवर ती एकटीच, मग तिच्यापुढे काय लिहायचं? नंतर आलेल्या सगळ्यांची सोय मी लावली, तिचीच राहिली. घरातही तिचं असंच होतं. मला फार लाज वाटली.

मी तिच्या नावापुढे जुन्या व्हर्जनची ती एक ओळ लिहिली. साइट सुधारली, पण जिना थोडाच रिकामा होणार! मी डॉक्टरांकडे धावलो.

"डॉक्टर, ही माणसं तुमच्याकडे बसवू?"

"माझी साइट नीट चाललीय ना?"

"उत्तम."

"मग बसू देत."

एवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. मालकीणबाई!

"ही गर्दी कसली?"

वहिनी दारात कात्री घेऊन उभी, चेहरा पांढराफटक.

"माझे पेशंट," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"एवढ्यांचे दात एकदम किडले?"

"गोड फार खातात."

आणि काय सांगू, सगळ्या जिन्याने गालावर हात ठेवला! एका आजोबांनी तर कवळी असूनही. मग रांगेने सगळे डॉक्टरांकडे आत गेले.

"अगं," मालकीणबाई वहिनीला म्हणाल्या, "वर्षभर मागतेय, आज पहिल्यांदा मला दहाची वेळ मिळाली. कुठे बसू?"

वहिनीने त्यांना खुर्चीत बसवलं. मी कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभा. केस झाले, बाईंनी आरशात मान दोन्हीकडे वळवून पाहिली.

"तीस वर्षं शाळा चालवली मी," त्या म्हणाल्या. "गाल धरून खोटं बोलणारं पोर मला लांबून ओळखू येतं."

वहिनीच्या हातातला कंगवा पडला.

"पण एवढी माणसं तुझ्यासाठी गाल धरून बसली. माझ्यासाठी कुणी बसलं नसतं. जागा ठेव तू. शनिवारची दहाची वेळ मात्र माझी."

वहिनी रडली. मीही रडलो, डॉक्टरांनी मला कापूस दिला. त्या आजोबांचे, त्या सगळ्या गालांचे उपकार मी कसे फेडू? आणि दिवसभर पाणीही न पिता एकेकाला हाक मारून सगळ्यांचे केस कापणाऱ्या वहिनीचे?

संध्याकाळी मी झाडू घेतला.

"अरे, थांब," वहिनी म्हणाली. भाऊजीचा अरे झालो, जिवात जीव आला! "दहाच्या वेळेला अजून एक नाव आहे. तुझं."

मी खुर्चीत बसलो. डावी बाजू झकास बारीक झाली. मग वहिनीने कात्री ठेवली आणि पर्स उचलली.

"वहिनी, उजवी बाजू?"

"राहू दे. दोन व्हर्जन सुखाने नांदतात ना? तुझ्या डाव्या हातचा मळ तो."

उजव्या बाजूसाठी मी मंगळवारची वेळ घेतली आहे. जागा शिल्लक आहे का ते दोनदा बघून.