दामोदरपंतांच्या देवी

फाल्गुन शुद्ध दशमी. अंगणात जुनं धोतर पसरून मी मिरगुंडं घालत होते. हात कोपरापर्यंत पोह्याच्या पिठाने भरलेले, आणि नेमका कुंपणापलीकडून दाजी खांबेट्यांचा आवाज आला,

"वहिनी, पसाभर मीठ द्या. दामोदरपंतांना देवी आल्यात."

नवख्या माणसाने हे ऐकलं असतं तर पोरंबाळं काखेला मारून हातखंब्यापर्यंत पळत सुटला असता. मी "डब्यातून हाताने घ्या" एवढंच म्हटलं. दामोदरपंत हा मासा आहे.

दाजींनी सरकारात आयुष्यभर देवी टोचायचं काम केलं. खेड्यापाड्यात त्यांना देवी डॉक्टर म्हणत, आणि ते पाणंदीत दिसले की आया पोरांना भाताच्या कणगीत लपवत. पेन्शनीत निघाल्यावर टोचायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी मुंबईहून आगबोटीने सोनेरी मासे आणि एक काचेची पेटी आणवली. आळीतल्या लोकांना वाटलं, शोभेसाठी. शोभेशी दाजींना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना पेशंट हवे होते.

आमच्यासारखंच त्यांचंही घर मासे न खाणारं. खारवीण टोपली घेऊन आळीतून गेली की दाजी नाकाला उपरणं लावतात. पण पेटीतल्या माशाचा कल्ला कुठे फिकट दिसतो का, हे बघायला भिंग घेऊन तास तास बसतात. मग मान मागे टाकून म्हणतात, "केस स्वच्छ आहे." हे म्हटलं की निदान झालं. त्यापुढे अपील नाही.

एकदा सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले. "दमा. केस स्वच्छ आहे." अडुळशाचा काढा पेटीत गेला. पाणी तपकिरी झालं, मासे आणखी वर आले. "कफ सुटतोय," दाजी म्हणाले. ते देवपूजेला गेल्यावर मी निम्मं पाणी उपसून विहिरीचं ताजं ओतलं. तासाभरात मासे खाली. दाजींनी वहीत लिहिलं, 'अडुळसा लागू पडला.'

दुसऱ्या खेपेला एक मासा पोट वर करून तरंगायला लागला. मी मनातून त्याचं सुतक धरलं. दाजी म्हणाले, "अजीर्ण आहे. भाताची शितं जास्त झाली." त्याला कडकडीत एकादशी घातली, आणि खरंच, तो सुलटा झाला! तेव्हापासून सगळ्या पेटीला महिन्यातून दोन एकादश्या. दाजींचं निदान कायमच चुकतं असं नाही. अधूनमधून बरोबर येतं, हीच पंचाईत. त्यामुळे माणूस सुधारत नाही.

मात्र त्यांच्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली होती. पाच वर्षांत एक पिल्लू नाही. मासे धाडणाऱ्या मुंबईच्या स्नेह्याने लिहिलं होतं की रत्नागिरीच्या पाण्यात ते वाढणार नाहीत. ते पत्र दाजींनी खुंटीला टांगून ठेवलं होतं. एकेक करत मासे गेले आणि आता जोडीच उरली होती, दामोदरपंत आणि गोदूताई.

माघ-फाल्गुन आला की दामोदरपंतांच्या गालांवर रव्यासारखे पांढरे दाणे उठत. लगेच त्यांची रवानगी काचेच्या बरणीत. बरणी माझी, लोणच्याची होती. तोंडाला कडुलिंबाचा डहाळा, रोज मिठाच्या पाण्याची अंघोळ, चाळीस दिवस भेटीगाठी बंद. यंदा तर गोदूताईही पेटीत टुम्म फुगली होती.

"जलोदर," मीठ घेताना दाजी म्हणाले. "उद्या सकाळी टोचून पाणी काढतो. नाहीतर हातची जाईल."

त्यांनी देवी टोचायची जुनी सुई खरोखरच उकळून ठेवली होती. मी हात धुतले आणि त्यांच्या पडवीत गेले. तेवढ्यात गंगी खारवीण आली. आमच्या आळीत तिचं गिऱ्हाईक नाही, पण बंदराची वाट इथून जवळ पडते. टोपली डोक्यावर तशीच ठेवून तिने गडग्यावरून मान लांब केली.

"ओ दाजीनू, नवरा बरणीत नि बायको पेटीत? कुणी भांडण लावलान ह्यांचं?"

"भांडण नाही. देवी आहेत. लांब हो."

"कसल्या देवी! आमच्या पऱ्ह्याच्या गोड्या पाण्यातल्या माशांना पण येतात गालांवर असे दाणे, विणीच्या दिवसांत. नुसत्या नरांना. बाशिंग बांधून बसलाय तो! नि ही अंड्यांनी, गाभोळीने भरल्येय. हिला त्या सुईने टोचणार?"

"तू मेलेले मासे विकतेस. मी जिवंत तपासतो."

"मेल्यांची पोटं मीच फाडत्ये नं? मग गाभोळी मला कळणार का तुम्हाला?" असं म्हणून ती हसत पुढे गेली.

दाजी लालबुंद. मी त्यांची वही मागितली. ती त्यांनी मोठ्या अभिमानाने दिली. पाच वर्षांची पानं मी उभ्या उभ्या वाचली.

"दाजी, दर वर्षी हाच सुमार. दर वर्षी नुसते नर. त्याच पेटीत, त्याच पाण्यात माद्या, पण एकीलाही फोड नाही. बायकांना वगळून येणारी देवी तुम्ही नोकरीत कधी पाहिलीत?"

"चैत्रात बरे होतात. चाळीस दिवस वेगळे ठेवतो म्हणून."

"आणि वेगळे ठेवता म्हणून पिल्लं होत नाहीत."

दाजींनी भिंग उपरण्याने पुसलं. मग पुन्हा पुसलं. शेवटी सुई उचलून डबीत ठेवली आणि डबी फडताळात. त्यांचं मत बदलायच्या आत मी बरणीतलं खारट पाणी ओतून दिलं आणि दामोदरपंतांना पेटीत सोडलं. त्यांनी पेटीभर गोदूताईचा पाठलाग सुरू केला.

"पिसाळला!" दाजी ओरडले.

"नाही दाजी. केस स्वच्छ आहे."

एकादशीला उजाडताच त्यांनी मला हाक मारली. गोदूताई सडपातळ झाली होती. पेटीतल्या शेवाळावर मोहरीएवढे, साबुदाण्याच्या कण्यांसारखे दाणे चिकटले होते आणि आईबाप मिळून त्यांचाच फराळ करत होते. त्या घरात एकादशी मोडल्याची ही पहिलीच वेळ.

"खातायत! दोघांना काढतो, वेगळं ठेवतो," म्हणत दाजींनी बरणी उचलली. आणि थांबले. बरणी पुन्हा खाली ठेवली.

"नको," ते म्हणाले. "अंडी बाहेर काढू. ती दोघं राहू देत एकत्र."

आम्ही शेवाळ अलगद बरणीत हलवलं. तेव्हा माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "घामोळंच होतं ते, वहिनी."

"कुणाला?"

"आमच्या घरात."

सगळी आळी त्यांना विधुर समजत होती, आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. लग्नाचं पहिलं वर्ष, वैशाख, नोकरी नवी. बायकोच्या, अन्नपूर्णाबाईंच्या, मानेवर पुरळ उठलं. दाजींनी देवीचं निदान केलं आणि तिला बागेच्या टोकाला खोपटीत ठेवलं. जेवण लांबून सरकवायचं.

"तिसऱ्या दिवशी अंगावर काही नव्हतं. पण नियम चाळीसचा."

"आणि एक्केचाळिसाव्या दिवशी?"

"बाहेर आली आणि तशीच केळशीला गेली, माहेरी. मी आणायला गेलो नाही. गेलो असतो तर निदान चुकलं असं म्हणावं लागलं असतं." शेवाळाचा सुटलेला धागा त्यांनी बोटाने पाण्याखाली ढकलला. "भावाकडे असते. केळशीचा कोणी भेटला की विचारतो."

मी साबुदाणा भिजला का बघायला घरी आले.

संध्याकाळी दाजी एक पोस्टकार्ड घेऊन आले. मजकूर त्यांच्या वहीतल्यासारखाच होता: 'निदान चुकले होते. घामोळे होते. येथे मासे व्याले आहेत. यावे.' पत्त्यावर मेहुण्याचं नाव आणि केळशी होतं. वर जिचं नाव घालायचं, तिथे जागा कोरी.

"कुठलं नाव घालू?" दाजी म्हणाले. "माहेरचं घातलं तर मी तिला सोडली असं होईल. माझं घालायला मला तोंड नाही."

"ठेवा तिथे फळीवर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरगुंडं उलटी केली, हात धुतले, त्या कोऱ्या जागेत 'सौ. अन्नपूर्णाबाई खांबेटे' असं ठळक लिहिलं आणि कार्ड टपालाच्या पेटीत टाकून आले. येताना मीठ आणलं. डब्यात दाजींनी चिमूटभरही ठेवलं नव्हतं.