चष्मेवाल्यांचा एक्स

"आनुवंशिकतेच्या धड्यावर कुणाचे पालक वर्गात येऊन बोलतील का, असं बाईंनी विचारलंय," एवढंच लेक म्हणाली, आणि चष्मेवाले "मी येतो" म्हणून मोकळे झाले. तोंडात घास होता. तो गिळून मग होकार दिला असता, तर मध्ये विचाराला जरा जागा मिळाली असती.

चष्मेवाले म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. नंबर काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लाल आणि हिरवा यांतला फरक मात्र त्यांना जन्मापासून कळत नव्हता. (गिऱ्हाइकाने "ती लाल फ्रेम दाखवा" म्हटलं, की त्यांना खोकला येई. तो ऐकून मागून बायको येई आणि फ्रेम काढून देई.) आपलं हे वैगुण्य चक्क ज्ञानदानाच्या कामी येणार, या कल्पनेने ते नुसते फुलून गेले.

"फार बोलू नका," बायको म्हणाली. "विचारतील तेवढंच सांगा."

"अगं, विषयच माझ्या डोळ्यातला आहे!"

"म्हणूनच म्हणते."

वर्गात सुरुवात तर झकास झाली. पेशीपेशीत डीएनएची लांबलचक दोरी कशी गुंडाळून ठेवलेली असते, तिचा एकेक तुकडा म्हणजे जनुक, म्हणजे शरीराला दिलेली एकेक सूचना, हे त्यांनी फळ्यावर वेटोळी काढून सांगितलं. (वेटोळी जिलबीसारखी झाली, पण पोरांनी सांभाळून घेतलं.) मग ते मुद्द्यावर आले.

"मुलींना दोन एक्स गुणसूत्रं. एक आईचा, एक बाबांचा. मुलग्यांना एक्स एकच, तो आईचा; बाबांकडून वाय. आता लाल-हिरवा ओळखायची सूचना असते एक्सवर, आणि माझ्या एकुलत्या एका एक्सवर नेमकी तीच बिघडलेली! मग मला मुलगी झाली तर मी तिला कोणता एक्स देणार? हाच! दुसरा आणू कुठून?"

वर्ग खो खो हसला. त्या हसण्यानेच घात केला. चष्मेवाल्यांना चेव चढला.

"ही बघा, दुसऱ्या बाकावर बसलीय, माझी लेक! माझा बिघडलेला एक्स हिच्याकडे आहेच आहे. शंभर टक्के! जोडीला आईचा चांगला एक्स आहे म्हणून रंग नीट दिसतात, इतकंच!"

हसू थांबलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि अगदी मनापासून पडलेली शंका विचारावी तशी म्हणाली, "पण काका, ही तर दत्तक आहे ना?"

खरंच होतं ते. लेक तान्ही असताना घरी आली होती. समजायला लागल्यावर आईबाबांनी तिला सांगितलं होतं, तिने मैत्रिणींना सांगितलं होतं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. त्या क्षणी ते आठवत नव्हतं फक्त एका माणसाला, आणि तो माणूस हातात खडू घेऊन उभा होता.

सारवासारव करायला म्हणून चष्मेवाले घाईघाईने बोलून गेले, "हो हो, बरोबर. चुकलंच माझं. तसा हिचा-माझा काही संबंधच नाही."

त्यांना गुणसूत्रांचा संबंध म्हणायचं होतं. पण तो एक शब्द घशातच राहिला. बाईंनी चटकन टाळ्या वाजवायला लावल्या. लेकीनेही वाजवल्या, बाकाकडे बघत.

दुकानात त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ताप आला की जी त्यांच्या खांद्याशिवाय कुठे मान टाकत नसे, तिच्याशी आपला काही संबंध नाही, हे आपण खडू उगारून चारचौघांत जाहीर केलं! एका आजोबांना त्यांनी आजींचा चष्मा दिला. आजोबा तो घालून मुकाट्याने निघूनही गेले.

संध्याकाळी लेक खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. पान उलटत नव्हतं.

"बाळा, मी आपलं ते जनुकांचं म्हणत होतो."

"माहितीय मला."

"मग?"

"माहीत असूनही लागलं, बाबा."

चष्मेवाले तिच्याशेजारी खाली बसले.

मग लेकीने विचारलं, "माझ्याकडे बोट दाखवलंत तेव्हा... तुम्ही खरंच विसरला होतात?"

"साफ विसरलो होतो गं," ते ओशाळून म्हणाले. "आठवलंच नाही. माझं हे असं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि त्यांच्या खांद्याला टेकली. "मग ते शंभर टक्केवालं लक्षात ठेवते मी. दुसरं सोडून देते."

चष्मेवाल्यांनी नाक ओढलं, घसा साफ केला आणि जरा उभारी धरून विचारलं, "बाकी... बाई काय म्हणाल्या? बोललो बरा ना मी?"

"त्यांनी निरोप दिलाय. पुढच्या धड्याला आईला पाठव म्हणाल्या."

"मला?" बायको स्वयंपाकघरातून दचकून म्हणाली. "मला नाही बाई असं वर्गापुढे बोलता येत!"

"ते मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, उत्तम."