बंद घराचा नियम

आमच्या थळच्या डॉक्टर दिनानाथांपुढे 'सगळे' हा शब्द उच्चारायची सोय नाही. एका लग्नात यजमान "सगळे जेवले" म्हणाले, तर हे "किती पैकी किती?" विचारत पंगत मोजायला उठले.

साथीच्या रोगांचे हे मोठे प्राध्यापक. पडशावर औषध विचारलं तर "मी त्यातला डॉक्टर नव्हे" म्हणून हात वर करतात. गरीब-श्रीमंताला सारखं आरोग्य मिळावं यावर जगभर भाषणं देऊन आले. तीही अशा हॉटेलांत, जिथे गरिबाला दरवान आत सोडणार नाही.

निवृत्त होऊन गावी आले आणि रक्तदाबाची पाहणी काढली. प्रत्येक दारावर खडूने नंबर. आमचा सत्तेचाळीस.

माझ्या आईला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा धसका. "बीपी हाय म्हनून सांगल नि माजी खारी सुकट बंद करील मेला!" डॉक्टर कोपऱ्यावर दिसले की ती आत बसायची आणि मला बाहेरून कुलूप लावायला लावायची. मग मी ओट्यावर बसून साळसूदपणे सांगायचो, "आई वाडीत गेलीय."

तीनदा आले, तीनदा 'घर बंद' लिहून गेले. तीन फेऱ्यांत दार उघडलं नाही तर ते घर यादीतून खोडायचं, हा त्यांचाच नियम. त्यावर म्हणे परदेशातली पोरं परीक्षा देतात. मी सुटलो म्हणतोय, तोच स्वारी चौथ्यांदा हजर. मग पाचव्यांदा.

"सर, तीनदा झालं की! नियम तुमचाच ना?" मी चिडवलं.

ते ओट्यावर टेकले.

"मी नोकरीत असताना या नियमाची पहिली पाहणी माझ्या विद्यार्थ्यांनी इथेच केली. आमच्या घराला तीनदा कुलूप. आई रोज किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला जायची. पोरांनी नियमाप्रमाणे खोडलं. त्याच वर्षी ती अर्धांगाने गेली. बीपी होतं, कुणाला ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा परदेशात त्याच पाहणीवर भाषण देत होतो. टाळ्याही पडल्या."

इतके दिवस या माणसाची टर उडवल्याची मला लाज वाटली. कुलूप काढायला उठणार, तोच खिडकीच्या गजांतून आईचा अख्खा दंड बाहेर आला.

"दिना, लाव तुजा पट्टा. पन सुकट न्हाय सोडनार, आदीच सांगते."

डॉक्टरांनी पट्टा बांधला. यंत्रावर आकडा आला. चष्मा पुसत ते मला म्हणाले, "तू वाच रे. मला दिसत नाही."