बावीस अंशांवर कांबळे बाई

कांबळे बाई कुणालाही ‘कसं काय, बरं आहे ना’ असं विचारत नाहीत. जिन्यात गाठ पडली की विचारतात, “पोट काय म्हणतंय?” आणि उत्तर मिळेपर्यंत वाट अडवून उभ्या राहतात. ‘बरं आहे’ एवढ्यावर सुटका होत नाही. “बरं म्हंजे कसं? काल काय खाल्लंसा?”

कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, आम्ही तळमजल्यावर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, थर्मामीटर लागतो. तोही माणसांचा नव्हे, पाण्याचा. एका लग्नात त्यांनी तो मठ्ठ्यात बुडवलेला मी पाहिला आहे. वाढप्याला शांतपणे म्हणाल्या, “पावणं, हे तापलंय. ह्यातले जंतू आता तुमचं ऐकणार न्हाईत.”

दर पावसाळ्यात त्या गगनबावड्याला जातात आणि डबक्यातले भैरमासे, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, घेऊन येतात. काही पिल्लं तिथल्यासारख्या गार पाण्यात वाढवायची, काही कोमट पाण्यात, आणि त्यांच्या पोटातल्या जंतूंचं काय होतं ते बघायचं, हा त्यांचा अभ्यास.

“बेडकाला आपल्यासारखं अंग एकसारखं ठेवता येत न्हाई,” त्या सांगतात. “पाणी तापलं की पोट तापलं. मग आतली वस्तीच बदलती. काही जंतू घर सोडून जात्यात, नको ते राहायला येत्यात.”

माझी बायको शालन हे सगळं मान डोलावून ऐकायची आणि बाई गेल्या की म्हणायची, “बेडकांनी तरी विचारलंय का ह्यांना?”

गेल्या ऑक्टोबरात, ऐन सुट्टीत, भर दुपारी आमची बेल वाजली. बेल वाजवून बाई थांबल्या नाहीत, दारही बडवलं. अंगावरची साडी घामानं भिजलेली. मागं रिक्षावाला, त्याच्या हातात जाळी बांधलेला प्लास्टिकचा टब.

“कॉलेजातली लाइट गेली. पाणी गार ठेवायचं मशीन बंद. संध्याकाळशिवाय येत न्हाई म्हंत्यात. तुमची मधली खोली गार असती, म्हणून आलो.”

टब आत आला. त्यात गार पाण्यातली पिल्लं वळवळत होती. थर्मामीटर सव्वीस दाखवत होता.

“बावीस पायजे,” बाई म्हणाल्या.

“नाही झालं तर मरतील?” मी विचारलं.

“मरणार न्हाईत. पण पोटं बदलली तर गार पाण्यातलं कोण आणि कोमट पाण्यातलं कोण, मी कशावरनं सांगू? पावसाळाभर केलेलं सगळं वाया.” त्यांचा आवाज बसला होता. एरवी तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो.

मी स्कूटर काढून शाहूपुरीत बर्फाला गेलो. परत येतो तर शालननं टबाला ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, टेबलफॅन लावला होता आणि फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या बुचं घट्ट लावून टबात तरंगत ठेवल्या होत्या. नळाचं पाणी आत जाता कामा नये, अशी बाईंची सक्त ताकीद होती. म्हणून बर्फाचे खडेही बाटल्यांत भरले.

दर दहा मिनिटांनी बाई आकडा सांगत होत्या. पंचवीस. चोवीस. बराच वेळ चोवीसच. तेवीस.

“आणखी एक बाटली टाकू?” शालननं विचारलं.

“थांबा वहिनी. एकदम गार केलं तरी बिघडतं.”

पाचच्या सुमाराला बावीस झालं. साडेसहाला कॉलेजातून फोन आला, लाइट आली. फोन ठेवून बाई तिथंच फरशीवर बसल्या आणि मोठा सुस्कारा सोडला. आम्ही दोघंही हुश्श करून बसलो.

टब पोचवून त्या परत आल्या, तेव्हा शालननं त्यांना पानावर बसवलं. तीन भाकऱ्या त्यांनी भराभर खाल्ल्या. मग म्हणाल्या, “गरम भाकरी लई दिवसांनी खाल्ली. आई गेल्यापासनं रविवारी एकदाच करून ठेवतो, आठवडाभर तेच. एकटीसाठी काय रोज थापायची.”

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत आम्ही त्यांच्या पोटाची चौकशी एकदाही केली नव्हती.

“उद्यापासनं संध्याकाळी खाली यायचं,” शालन म्हणाली.

“बघू,” म्हणून बाई गेल्या, आणि आल्या नाहीत.

आठ दिवसांनी पिल्लांची शी तपासून झाली. बाईंचा फोन आला, “वस्ती जिथल्या तिथं हाय.” शालननं ही बातमी साऱ्या इमारतीला सांगितली, नातवाचा रिपोर्ट चांगला आल्यासारखी.

त्या संध्याकाळी बाई खाली आल्या. हातात कडा झिजलेलं पितळी ताट.

“आईचं हाय,” त्या म्हणाल्या. “वर एकटीला ह्यात जेववत न्हाई.”

शालननं ते हातातून घेतलं आणि त्यातच वाढलं. जेवण झाल्यावर बाई ताट धुऊन, पुसून दाराकडं निघाल्या.

“ते कशाला वर नेताय?” शालन म्हणाली. “राहू दे की इथं.”

बाई दारातून मागं वळल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी ते आमच्या ताटांशेजारी लावलं आणि रिकाम्या हातांनी जिना चढून गेल्या.