चटणी वाटण्याआधी

आमच्या घरी चटणी वाटायची तर शेजारच्या डहाकेभाऊजींची परवानगी लागत असे. प्रताप नगरात तेव्हा मिक्सर नवा नवा आला होता. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये मी तो लावला, की हा साठीचा माणूस बनियनवरच धावत येई. "वहिनी, बंद करा ना जी. माह्या सुया नाचून राहिल्या."

सुया त्यांच्या यंत्राच्या; मिक्सरने वीज थरथरली की त्याही थरथरत. भाऊजी धंतोलीच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायचे. ते निवृत्त झाले तेव्हा डॉक्टर शाल-श्रीफळ देत होते, यांनी मोडीत निघालेलं यंत्र मागून घेतलं. आठांपैकी दोन सुया चालत्या केल्या आणि गल्लीतल्या तापट पोरांसाठी रोज संध्याकाळी तासभर खेळ मांडला. डोक्याला रबराचे पट्टे, त्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस आणि समोर सरकता कागद. पोर निवांत बसलं की बारीक रेघ उमटे. चिडून दात आवळले की कागद काळाकुट्ट. हातभर कागद काळा न होता सरकला, तर लिमलेटची एक गोळी.

त्यामुळे भाऊजी राग शाईत मोजत. "काहून शाई खाऊन राहिला गा?" हे ते भाजीवाल्याला म्हणत, पोस्टमनला म्हणत. एकदा माझ्या सासूबाईंनाही म्हणाले. सासूबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आमच्या मिक्सरवर ओरडताना मात्र त्यांच्या स्वतःच्या कपाळाची शीर अशी फुगे, की शाईची अख्खी बाटली लागली असती.

मी हसायची, पण अडला हरी म्हणतात तशी वेळ माझ्यावरच आली. माझी आठ वर्षांची वंदू रागावली की चावायची. तिसऱ्या मुलीला चावली तेव्हा हेडबाईंनी मला बोलावून बजावलं, की आता एकदा जरी झालं तरी दाखला घेऊन जा. मी मुकाट्याने तिला भाऊजींकडे नेलं. पहिल्याच दिवशी तिने कागद फाटेपर्यंत काळा केला. भाऊजी भलते खूश झाले. "राग राहू दे वं वंदे," ते म्हणाले. "फक्त दात सोड."

महिनाभर मी चटणी दुपारीच वाटली.

मग एक दिवस वंदू शाळेतून आली ती वेणी विस्कटलेली घेऊन. कुणीतरी ओढली होती.

"चावली का तू?"

"नाही. दात सोडले मी."

मला रडू आवरेना. तशीच तिला घेऊन भाऊजींकडे गेले. ते ऐकून खूप हसले, गोळ्यांची बरणीच तिच्या हातात दिली. वंदू म्हणाली, आता तुमची पाळी. ते नको नको म्हणत असताना तिने पट्टे चढवलेसुद्धा. भाऊजींचा चेहरा अगदी शांत होता आणि कागद पहिल्यापासून काळा येत होता. वंदूने दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले. "काका, दात सोडा."

"माहा पोरगा सुरेशही चावे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी त्याच्या तोंडात मारली. दात पडला त्याचा. आता भिलाईले राह्यते, पत्र नाही टाकत. दात सोडणं मले तवा येत नव्हतं, वहिनी. अजूनही नाही येत."

मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी, वंदूचा खेळ आता संपला म्हणून मी साडेपाचला खुशाल मिक्सर काढला. बटण दाबणार तोच वंदू धापा टाकत आली.

"आई, आत्ता नको लावू. काका शिकायला बसलेत."